दूध बिलाचा हिशोब आणि जावाची स्ट्रीम: लूप कुठे सोडावा, कुठे धरून ठेवावा

हिशेबनीस

एका दूध संस्थेचे संकलन आणि बिलाचे सॉफ्टवेअर मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. सभासद साडेतेराशे, संकलन सकाळ-संध्याकाळ आणि बिल दर दहा दिवसांनी. म्हणजे एका बिलामागे पंचवीस हजारांच्या आसपास नोंदी असतात. प्रत्येक नोंदीत सभासद क्रमांक, दिनांक, वेळ, दूध गाईचे की म्हशीचे, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) आणि त्यावरून ठरलेली रक्कम एवढेच असते. आजच्या संगणकाला ही विदा म्हणजे किरकोळ काम, त्यामुळे वेग हा माझा प्रश्नच नाही. सहा महिन्यांनी तोच कोड उघडल्यावर तो मलाच कळला पाहिजे, एवढी माझी गरज आहे.

मूळ कोड जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती ८ च्या आधीचा आहे. बिल काढणारी एकच मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा) साडेचारशे ओळींची असून तिच्यात लूपच्या (तेच काम प्रत्येक नोंदीवर पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडच्या) आत लूप आणि 'यादी१', 'यादी२', 'तात्पुरती' अशा नावांच्या लिस्ट आहेत. हे लूप मी एकेक करून स्ट्रीममध्ये, म्हणजे नोंदी एकामागून एक क्रियांमधून पुढे नेणाऱ्या जावाच्या सोयीत, बदलायला घेतले. म्हशीच्या दुधाची सभासदवार रक्कम काढणारे तीस-पस्तीस ओळींचे प्रकरण आता असे दिसते (मेथडींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे):

नोंदी.स्ट्रीम()
  .फिल्टर(न -> न.प्रकार() == म्हैस)
  .कलेक्ट(ग्रुपिंगबाय(दूधनोंद::सभासद, समिंगलाँग(दूधनोंद::पैसे)));

आपण तोंडाने सांगतो जवळजवळ तसेच हे वाचता येते: म्हशीच्या नोंदी घ्या, सभासदवार गट करा, पैशांची बेरीज करा. रक्कम मुद्दाम पैशांत, पूर्णांकात ठेवली आहे. रुपये दशांशात ठेवून बेरजा केल्याची फळे मी पूर्वीच भोगली आहेत.

गाडे अडले ते कपातीपाशी. सभासद पशुखाद्य उधारीवर उचलतात आणि त्याचे पैसे बिलातून कापले जातात. सभासद क्रमांक ही की आणि कपातीचे रुपये ही व्हॅल्यू, असा मॅप (कीवरून व्हॅल्यू शोधून देणारा तक्ता) मी टुमॅप हा कलेक्टर (स्ट्रीममधून आलेले गोळा करणारे साधन) वापरून बनवला, तर पहिल्याच चाचणीत 'डुप्लिकेट की ११५०' असे सांगत इल्लीगलस्टेट एक्सेप्शन (काम मध्येच थांबवणारी चूक) आले. मी सभासद क्रमांक ११५० चे खाते उघडून पाहिले. त्या सभासदाने त्या दहा दिवसांत पोतेच काय, मूठभर पेंडही उचललेली नव्हती. टेबल, आयात केलेली फाइल आणि जुना बॅकअप तपासण्यात अख्खी दुपार गेली. शेवटी टुमॅपला तिसरे आर्ग्युमेंट म्हणून 'दोन आल्या तर दुसरी घ्या' असा लॅम्डा (नाव नसलेला छोटा कोडचा तुकडा) दिला. एक्सेप्शन गेले आणि बिलेही छापून वाटली गेली.

तर ११५० चा घोळ नेमका काय असावा? आणि स्ट्रीम वापरताना आपण नेमके कुठे थांबावे, याचा तुमचा काही आडाखा आहे का?

काटेकोर

हिशेबनीस, ११५० हा सभासद क्रमांक नाही, ते रुपये आहेत. जावा ८ मधल्या टुमॅपमध्ये एक जुनी चूक होती: एकच की दोनदा आली की संदेशात की छापण्याऐवजी त्या कीवर आधी बसलेली व्हॅल्यू छापली जाई. तुमच्या कीदेखील पूर्णांक आणि व्हॅल्यूदेखील पूर्णांक, त्यामुळे शंका यायला जागाच राहिली नाही. व्हॅल्यू एखादे ऑब्जेक्ट असते तर संदेशात काहीतरी विचित्र दिसून तुम्ही लगेच सावध झाला असता. जावा ९ पासून हा संदेश सुधारला असून त्यात की आणि जमवू न शकलेल्या दोन्ही व्हॅल्यू दिसतात.

म्हणजे कोणत्यातरी सभासदाने त्या दहा दिवसांत दोनदा खाद्य उचलले असून त्यातली पहिली उचल ११५० रुपयांची आहे.

याहून गंभीर बाब तुमच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये आहे. 'दुसरी घ्या' याचा अर्थ पहिली टाकून द्या. ज्या ज्या सभासदाने दोनदा उचल केली, त्याची पहिली कपात तुमच्या मॅपमधून गळून पडली आणि त्याला तेवढे पैसे जास्त गेले. तिथे 'इंटिजर::सम', म्हणजे दोन्हींची बेरीज, हवे होते. एकाच कीच्या दोन व्हॅल्यू भेटल्या तर काय करायचे हा प्रश्न जुन्या लूपमध्येही होताच, तिथे 'मॅप.पुट' मुकाट्याने पहिली पुसून दुसरी लिहीत असे आणि कोणाला पत्ताही लागत नसे. टुमॅप निदान अडून बसतो, पण त्याचे तोंड बंद करण्यासाठी जे हाताशी येईल ते देऊन चालत नाही. खरे तर बेरीजच करायची असेल तर टुमॅपच्या वाटेला न जाता पहिल्या उदाहरणासारखे ग्रुपिंगबाय आणि बेरीज करणारा कलेक्टर वापरावा; वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो.

आणखी एक सांगून ठेवतो. टुमॅपला व्हॅल्यू म्हणून नल (काहीच नसल्याची खूण) चालत नाही आणि ग्रुपिंगबायला की म्हणून नल चालत नाही. दोन्ही ठिकाणी नलपॉइंटर एक्सेप्शन येते. साध्या हॅशमॅपला (जावाच्या नेहमीच्या मॅपला) मात्र दोन्हीकडे नल चालतो, त्यामुळे जुना लूप जसाच्या तसा उतरवताना हे हमखास अंगावर येते.

बाराखडी

काटेकोर यांच्या उत्तराशी सहमत आहे. मी आडाख्याच्या प्रश्नाकडे वळतो, पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

संग्रहावर 'निवडा', 'बदला', 'एकवटा' अशा क्रिया करणे हे काही जावा ८ चे अपत्य नव्हे. स्मॉलटॉक-८० मध्ये संग्रहाच्या ऑब्जेक्टलाच 'सिलेक्ट', 'रिजेक्ट', 'कलेक्ट', 'डिटेक्ट' आणि 'इंजेक्ट-इंटू' असे संदेश पाठवता येत आणि सोबत कोडचा एक तुकडा देता येई. म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत हा विचार पहिल्यापासून होता. जावाकडे मात्र कोडचा तुकडा हातात देण्याची सुटसुटीत सोयच नव्हती. अनामिक क्लास लिहून ते करता येई, पण पाच ओळींच्या कवचात एक ओळ ठेवण्याचा तो प्रकार होता. सी शार्प या भाषेने २००७ मध्ये लिंक (LINQ) ही अशाच क्रियांची सोय आणली, आणि जावात लॅम्डा व स्ट्रीम आले ते मार्च २०१४ मध्ये, आवृत्ती ८ सोबत.

त्या वेळी एक पेच होता. 'कलेक्शन' या इंटरफेसमध्ये (क्लासने कोणत्या मेथडी पुरवायच्या याच्या करारात) नवी मेथड घातली असती तर जगभरात ज्यांनी ज्यांनी तो इंटरफेस आपल्या क्लासमध्ये राबवला होता, त्या सर्वांचा कोड कंपाइल होईनासा झाला असता. म्हणून इंटरफेसमध्येच अंमलबजावणीसह लिहिता येणाऱ्या डिफॉल्ट मेथडी आणल्या गेल्या आणि 'स्ट्रीम()' ही त्यांपैकीच एक आहे. फिल्टर (निवडणे) आणि मॅप (प्रत्येक नोंद बदलणे; वरच्या की-व्हॅल्यूच्या मॅपहून हे वेगळे) मात्र थेट लिस्टवर न देता स्ट्रीम या वेगळ्या प्रकारावर ठेवले. लिस्ट साठवते, स्ट्रीम साठवत नाही. ही वाटणी लक्षात राहिली की पुढच्या निम्म्या शंका उद्भवत नाहीत.

आता आडाखा. हिशेबनीस, तुमच्या पहिल्या उदाहरणात मला एक खटकले. 'म्हशीच्या नोंदी घ्या' हा नियम लॅम्डाच्या पोटात आहे. उद्या तोच नियम अहवालात, परवा बोनसच्या हिशोबात लिहावा लागेल आणि वर्षभरात तीच फिल्टरची ओळ पंधरा ठिकाणी दिसेल, त्यांपैकी दोन ठिकाणी किंचित वेगळी. पूर्वी लोक गेटर (आतली विदा बाहेर देणारी मेथड) मागून गेटर लावून ऑब्जेक्टची आतडी बाहेर काढत. आता तेच काम स्ट्रीमने अधिक डौलदारपणे होते, एवढाच फरक. माझ्या मते नोंदींची लिस्ट उघडी न फिरवता तिच्याभोवती 'संकलन' असा एक छोटा क्लास असावा. त्याला 'म्हशीचे()', 'सभासदवाररक्कम()', 'सरासरीफॅट()' अशा मेथडी असाव्यात आणि स्ट्रीम त्या मेथडींच्या आत राहावी. बाहेरच्याने संकलनाला प्रश्न विचारावा. संकलनाने उत्तर लूपने काढले की स्ट्रीमने, हे बाहेरच्याला कळण्याचे कारण नाही.

नवशिकी

मी जावा शिकते आहे, त्यामुळे प्रश्न प्राथमिक वाटल्यास क्षमस्व. स्ट्रीम कशी चालते हे बघण्यासाठी मी नोंदींच्या लिस्टवर 'पीक' (जाणारी नोंद डोकावून पाहणारी क्रिया) लावून त्यात प्रत्येक नोंद छापली आणि शेवटी 'काउंट' घेतला. घरच्या संगणकावर जावा १७ आहे. तिथे आकडा बरोबर आला, पण एकही नोंद छापली गेली नाही. महाविद्यालयातल्या जुन्या संगणकावर जावा ८ आहे. तिथे तोच कोड सगळ्या नोंदी छापतो. माझे काही चुकते आहे का?

दुसरे असे की, मध्ये फिल्टर आणि मॅप दोन्ही ठेवून दोन्हीकडे छापले तेव्हा आधी सगळे फिल्टर आणि मग सगळे मॅप, असे न दिसता दोन्ही एकमेकांत मिसळून आले.

कॅनवाला

नवशिकी, तुमचे काहीही चुकलेले नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की जावा ९ पासून काउंटला मोजल्याशिवाय संख्या कळत असेल तर तो मधली पाइपलाइन चालवतच नाही. लिस्टला आपली लांबी ठाऊक असते, आणि पीक व मॅप यांनी नोंदींची संख्या बदलत नाही, मग चालवायचे कशाला? मध्ये एक फिल्टर घाला आणि तुमच्या नोंदी पुन्हा छापल्या जातील, कारण किती उरतील हे चालवल्याशिवाय कळणार नाही. म्हणूनच पीकमध्ये डोकावण्यापलीकडचे काम ठेवू नये. पीकमध्ये खात्यावर रक्कम जमा करणारा कोड मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी या चर्चेतलेच दूध घेऊ. संकलन केंद्रावर आधी सगळ्या कॅनांचा वास, मग सगळ्या कॅनांची फॅट, मग सगळ्यांचे माप, असे कोणी करत नाही. एक कॅन येते, तिचा वास, फॅट, माप होऊन ती पुढे सरकते, मग दुसरी येते. स्ट्रीमचे तसेच आहे. समजा, सभासद १२, ४० आणि ७ अशा तीन नोंदी आहेत आणि ४० चे दूध गाईचे आहे. म्हशीचे दूध निवडणारा फिल्टर आणि रक्कम काढणारा मॅप लावल्यास छापील क्रम असा येईल: फिल्टर १२, मॅप १२, फिल्टर ४०, फिल्टर ७, मॅप ७. ४० चा मॅप होतच नाही. शेवटी 'फाइंडफर्स्ट' असेल तर १२ चा मॅप होताच काम संपते, ४० आणि ७ कडे कोणी पाहतही नाही.

याला अपवाद 'सॉर्टेड'चा. क्रम लावायचा तर शेवटची नोंद हाती आल्याशिवाय पहिली कोणती हे ठरत नाही, म्हणून सॉर्टेड सगळ्यांना अडवून धरतो, वडाप भरल्याशिवाय सुटत नाही तसा. यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते: फिल्टर नेहमी सॉर्टेडच्या आधी ठेवावा. उलट ठेवला तरी उत्तर तेच येते, फक्त टाकून द्यायच्या नोंदींचाही क्रम लावला जातो.

आणि शेवटची क्रिया लिहिली नाही तर काहीच घडत नाही, हेही करून पाहा. फिल्टर आणि मॅप हे नुसते सांगणे असते. कलेक्ट, काउंट, फॉरईच यांपैकी कोणी ओढल्याशिवाय एकही नोंद हलत नाही. एकदा ओढलेली स्ट्रीम पुन्हा वापरता येत नाही. दुसऱ्यांदा हात लावला की इल्लीगलस्टेट एक्सेप्शन येते.

शार्पवाला

या शेवटच्या मुद्द्यावर सी शार्पकडून आलेले लोक हमखास ठेचकाळतात, मीही त्यांतलाच. तिथे लिंकने बनवलेली क्वेरी पुन्हा पुन्हा फिरवता येते. मात्र प्रत्येक वेळी ती मुळापासून नव्याने चालते, आणि खाली डेटाबेस असेल तर तीच क्वेरी तीनदा जाते व कोणाला कळत नाही. जावाने दुसऱ्या वेळी सरळ एक्सेप्शन फेकण्याचा मार्ग निवडला. सुरुवातीला मला तो आडमुठेपणा वाटला होता, आता वाटत नाही.

याच कारणाने क्लासच्या फील्डमध्ये स्ट्रीम साठवू नये. मेथडने स्ट्रीम परत द्यावी की लिस्ट, यावर मतभेद होऊ शकतात. ती घेणारा ती एकदाच वापरणार याची खात्री असेल तर स्ट्रीम, नाहीतर लिस्ट, असे मी करतो.

उलटतपासणी

आतापर्यंतच्या चर्चेत लूपची बाजू कोणी मांडलेली दिसत नाही, म्हणून लिहितो.

एक खरे काम घ्या. दुधात पाणी घातल्याचा संशय असेल तर एका सभासदाच्या लागोपाठच्या दोन वेळांची फॅट तपासायची असते, ६.८ वरून एकदम ५.१ वर आली तर त्या नोंदीवर खूण करायची. लूपमध्ये 'मागील' नावाचे एक व्हेरिएबल ठेवले की काम झाले, आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ते वाचू शकतो. स्ट्रीममध्ये प्रत्येक नोंद स्वतंत्र येते, तिला शेजार नसतो. लॅम्डाला बाहेरचे स्थानिक व्हेरिएबल बदलता येत नाही, तेव्हा लोक काय करतात? एका घराचा अ‍ॅरे बनवतात आणि त्याच्या शून्याव्या घरात 'मागील' लपवतात! कंपायलर गप्प बसतो, कारण अ‍ॅरेचा संदर्भ बदललेला नसतो. ही पळवाट मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिली आहे आणि तिन्ही ठिकाणी साधा लूप अधिक प्रामाणिक ठरला असता.

चेक्ड एक्सेप्शनचेही (जे हाताळायला कंपायलर भाग पाडतो त्याचेही) तेच. मॅपच्या आत फाइल वाचणारी मेथड बोलवायची तर तिचे एक्सेप्शन बाहेर जाऊ देता येत नाही. मग तिथेच ट्राय-कॅच लिहून ते रनटाइम एक्सेप्शनमध्ये गुंडाळावे लागते आणि एका ओळीच्या लॅम्डाच्या सात ओळी होतात. फाइलीचा विषय निघालाच आहे तर, 'फाइल्स.लाइन्स'ने मिळणारी स्ट्रीम ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्येच (काम संपताच आपोआप बंद करणाऱ्या रचनेत) उघडावी. लिस्टवरची स्ट्रीम बंद करण्याची गरज नसते, म्हणून हात तसाच वळतो. पण या स्ट्रीमच्या मागे उघडी फाइल असते आणि ती कलेक्ट केल्याने बंद होत नाही.

काटेकोर

उलटतपासणी, शेजाराच्या अडचणीवर आता उत्तर आले आहे. जावा २२ आणि २३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात असलेले 'गॅदरर' मार्च २०२५ मध्ये जावा २४ सोबत पक्के झाले. त्यातला 'विंडोस्लायडिंग' दोन-दोन लगतच्या नोंदींची छोटी लिस्ट करून देतो: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, असे. मग फॅटची तुलना हा साधा फिल्टर होतो. तरी कबूल करतो की ज्यांच्याकडे जावा ८ आहे त्यांना याचा काही उपयोग नाही, आणि तिथे मीही लूपच लिहीन. एका घराच्या अ‍ॅरेबद्दलचे तुमचे मत शब्दशः मान्य.

लिटरमागे

बाराखडी यांनी 'सरासरीफॅट()' असे सहज लिहून टाकले, पण दुधाच्या कोडमधली सर्वांत जुनी चूक तिथेच दडलेली असते. फॅटवर 'अ‍ॅव्हरेजिंगडबल' हा साधी सरासरी काढणारा कलेक्टर लावला की सरासरी मिळते, पण चुकीची. सकाळी ८ लिटर दूध ६.० फॅटचे आणि संध्याकाळी ४ लिटर ७.२ फॅटचे असेल तर अ‍ॅव्हरेजिंगडबल ६.६ सांगेल. लिटरचा भार धरला तर आठ सक अठ्ठेचाळीस, अधिक चार गुणिले ७.२ म्हणजे २८.८, एकूण ७६.८, भागिले १२ म्हणजे ६.४. दर फॅटवर ठरत असताना दोन पॉइंटचा, म्हणजे ०.२ चा, फरक कोणीही सोडणार नाही. संस्थेच्या बाजूने चुकला तर सभासद बोलतात आणि सभासदाच्या बाजूने चुकला तर लेखापरीक्षक.

यासाठी दोन बेरजा एकाच फेरीत हव्या असतात: फॅट गुणिले लिटर यांची आणि नुसत्या लिटरची. जावा १२ पासून 'टीइंग' नावाचा कलेक्टर आहे. तो प्रत्येक नोंद दोन कलेक्टरांकडे पाठवतो आणि शेवटी दोघांची उत्तरे एका फंक्शनच्या हाती देतो, तिथे भागाकार करायचा. लिटरची बेरीज शून्य असण्याची शक्यताही तिथेच हाताळावी, कारण डबलमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) शून्याने भागल्यास एक्सेप्शन येत नाही, बिलावर 'नॅन' (संख्या नाही) छापून येते.

जाता जाता: गाय आणि म्हैस असे दोनच गट असतील तर ग्रुपिंगबायऐवजी 'पार्टिशनिंगबाय' वापरावे. ग्रुपिंगबाय रिकामा गट बनवतच नाही. एखाद्या वेळी गाईचे दूध आले नाही तर 'गाय' ही की नसते आणि पुढच्या ओळीत नलपॉइंटर वाट पाहत असतो. पार्टिशनिंगबायमध्ये खरे आणि खोटे दोन्ही बाजू नेहमी असतात, रिकाम्या का होईना.

हिशेबनीस

सर्वांचे आभार. काटेकोर, आपले निदान तंतोतंत बरोबर निघाले. सभासदाने ३ तारखेला एक पोते आणि ९ तारखेला दोन पोती उचलली होती, ११५० आणि २३००. मॅपमध्ये फक्त २३०० राहिले. वाटलेली बिले तपासल्यावर असे नऊ सभासद निघाले. सचिवांशी बोलून फरक पुढच्या बिलात घ्यायचे ठरले आहे, ते फारसे रागावले नाहीत, पण त्यांनी "संगणकाने असे कसे केले?" असे विचारले तेव्हा मी खाली पाहिले.

आता आणखी एक कोडे. शेजारच्या गावातील शंभर सभासद नुकतेच आपल्या संस्थेत आले, त्यांना ५००१ पासून क्रमांक दिले. आतापर्यंत ग्रुपिंगबायमधून बिले क्रमांकानुसार छापून येत होती. या वेळी ९०५ च्या बिलाच्या पाठोपाठ ५००१ चे बिल आले, ९०६ नंतर ५००२. कोडमध्ये मी काहीही बदललेले नाही.

काटेकोर

क्रम आजवर योगायोगाने लागत होता. ग्रुपिंगबाय सध्या साधा हॅशमॅप देतो आणि हॅशमॅप क्रमाची हमी देत नाही. तुमच्या कीचे हॅश (कोणत्या खणात ठेवायचे ते ठरवणारा आकडा) म्हणजे ती संख्याच, आणि तेराशे-चौदाशे कींसाठी हॅशमॅपचे अंतर्गत टेबल २०४८ खणांचे होते. २०४८ च्या आतली प्रत्येक संख्या आपापल्या खणात बसते, त्यामुळे खण ओळीने वाचले की क्रम आपोआप लागल्यासारखा दिसतो. आता ५००१ मधून २०४८ दोनदा वजा करा: उरतात ९०५. म्हणून ५००१ हा ९०५ च्याच खणात गेला आणि त्याच्या मागे उभा राहिला.

ग्रुपिंगबायला मधले आर्ग्युमेंट म्हणून 'ट्रीमॅप::न्यू' द्या, म्हणजे क्रम खरोखरच क्रमांकानुसार लागेल.

चौपदरी

उशिरा लिहितो आहे, पण पॅरलल स्ट्रीमचा, म्हणजे काम वाटून एकाच वेळी अनेक थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामाच्या ओळींवर) चालवण्याचा, विषय कोणीच काढला नाही, आणि कोणीतरी एक दिवस हिशेबनीसांना 'स्ट्रीम' खोडून 'पॅरललस्ट्रीम' लिहायला सांगणारच.

माझ्या एका जुन्या प्रकल्पात बिल तयार झाल्यावर प्रत्येक ग्राहकाला मोबाइलवर संदेश जाई. संदेश पाठवणारा फॉरईच कोणीतरी पॅरलल केला. सर्व पॅरलल स्ट्रीम सहसा एकाच सामाईक फोर्क-जॉइन पूलमध्ये (थ्रेडच्या ठरावीक संचात) चालतात. आठ कोर असतील तर त्यात सात थ्रेड आणि आठवा बोलावणारा. संदेशाच्या सर्व्हरकडून उत्तर यायला उशीर होऊ लागला तसे हे सगळे थ्रेड हातावर हात ठेवून बसले आणि त्याच पूलवर अवलंबून असलेली, त्याच प्रोग्राममधली दुसरी कामे विनाकारण तुंबली. लॉगमध्ये एकही चूक दिसत नव्हती. पॅरलल स्ट्रीम ही गणिती कामासाठी आहे, वाट पाहण्याच्या कामासाठी नाही. वाट पाहण्यासाठी जावा २१ मधले व्हर्च्युअल (हलके) थ्रेड आहेत.

दुसरा सापळा म्हणजे पॅरलल फॉरईचमधून बाहेरच्या अ‍ॅरेलिस्टमध्ये 'अ‍ॅड' करणे. कधी पंचवीस हजारांपैकी चोवीस हजार काहीशे नोंदी येतात, कधी मध्येच नल दिसतो, कधी अ‍ॅरेच्या मर्यादेबाहेर गेल्याचे एक्सेप्शन येते, आणि डिबगर लावला की सगळे सुरळीत चालते. कलेक्ट वापरल्यास हे घडत नाही, कारण प्रत्येक थ्रेडला स्वतःचे भांडे मिळते आणि भांडी शेवटी एकत्र ओतली जातात. भांडणे होतात ती सामाईक भांड्यावरूनच. शिवाय अ‍ॅरेलिस्टचे अर्धे अर्धे तुकडे पाडणे सोपे असते, लिंक्डलिस्टचे नसते, तेव्हा तिथे पॅरलल करून काही पदरात पडत नाही. पंचवीस हजार बेरजांसाठी तर मी हा विचारही करणार नाही.

हिशेबनीस

चौपदरी, नोंद घेतली. पॅरललची गरज नाही. अख्खे बिल निघायला लागतो त्याहून जास्त वेळ प्रिंटरला पहिला कागद ओढायला लागतो.

बाराखडींच्या सूचनेप्रमाणे 'संकलन' क्लास केला. म्हशीचा नियम आता एका ठिकाणी आहे, भारित सरासरी एका ठिकाणी आहे आणि कपातीसाठी टुमॅप काढून ग्रुपिंगबायसोबत बेरीज केली आहे. संस्थेच्या सर्व्हरवर जावा ८ च होते. ते उतरवून १७ घातले. त्यात कलेक्ट-टुलिस्टऐवजी नवे 'टुलिस्ट()' सगळीकडे वापरले आणि लगेच एक धक्का बसला: ती लिस्ट बदलता येत नाही, आणि छपाईच्या मेथडमध्ये जुना 'सॉर्ट' बसलेला होता. क्रम आता स्ट्रीममध्येच लावतो. टीइंग वापरले, गॅदररसाठी मात्र अजून थांबावे लागेल, त्यामुळे फॅट घसरल्याची तपासणी 'मागील' व्हेरिएबलसह लूपमध्येच राहिली आहे आणि उलटतपासणी यांच्या समाधानासाठी तिच्यावर तशी टीपही लिहिली आहे.

कालच्या बिलात ट्रीमॅप होता. ५००१ ते ५१०० ची बिले गठ्ठ्याच्या तळाशी एकत्र आली, तेव्हा शेजारच्या गावचा गठ्ठा वेगळा काढायला वाटप करणाऱ्याला एकही पान उलटावे लागले नाही. नऊ जणांची फरकाची कपातही त्यात गेली. त्यांपैकी दोघांनी फोन करून मागच्या खेपेला जास्त पैसे आल्याचे लक्षात आले होते असे सांगितले. उरलेल्या सातांकडून अजून काही ऐकलेले नाही.